सर्व्हरची नित्य देखभाल : वेळापत्रक आणि दक्षता

रविवारी मुलुंड, घाटकोपर, अंधेरी वा बोरिवलीहून प्रवासास निघणारा नागरिक ‘मेगाब्लॉक’ कोठे आहे, याची आधी चौकशी करतो. रूळ, सिग्नल व विजेच्या तारा यांची देखभाल कमी गर्दीच्या दिवशी, पूर्वसूचना देऊन करावी, हे त्यामागील तत्त्व होय. कार्यालयांचे दप्तर ज्या सर्व्हरवर असते, त्यांनाही हेच तत्त्व लागू पडते.

‘क्रॉन’ची कार्यपद्धती

लिनक्स प्रणालीत ही जबाबदारी ‘क्रॉन’ हा प्रोग्राम पार पाडतो. १९७० च्या दशकात तो युनिक्स प्रणालीसाठी प्रथम तयार झाला. तो दर मिनिटास आपले वेळापत्रक तपासतो. त्यात प्रत्येक कामासाठी मिनिट, तास, तारीख, महिना व वार असे पाच रकाने असतात. त्यांच्यापुढे आज्ञा लिहिलेली असते. ‘३० २ * * ०’ म्हणजे दर रविवारी पहाटे अडीच वाजता. फुलीचा अर्थ ‘प्रत्येक’. माहितीची राखीव प्रत काढणे, जुन्या नोंदी आवरणे, डिस्कवरील जागा पाहणे ही कामे अशा रीतीने नेमून देता येतात.

तीन दक्षता

पहिली, घड्याळाची. अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्याने, तेथे रात्री दोनला नेमलेले काम येथे सकाळी साडेसातला सुरू होते.

दुसरी, खंडित विजेची. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व उपनगरांतील वीज गेली आणि लोकल गाड्याही थांबल्या. नेमल्या वेळी सर्व्हर बंद असल्यास क्रॉन ते काम मागाहून करीत नाही. त्यासाठी ‘अ‍ॅनाक्रॉन’सारखी पूरक व्यवस्था ठेवावी लागते.

तिसरी, जागेची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मूळ दप्तर आणि राखीव प्रत एकाच तळमजल्यावर असतील, तर अशा पुरात दोन्ही एकदमच जातील.

पडताळणी हवीच

क्रॉन ठरल्या वेळी काम सुरू करतो. ते तडीस गेले की नाही, हे माणसानेच पाहावयाचे असते. डिस्क भरलेली असल्यास प्रत अपुरी राहते आणि ही गोष्ट नेमकी गरजेच्या वेळी उघडकीस येते. तेव्हा एखाद्याचे मालमत्ता पत्रक अथवा विद्यार्थ्याचा निकाल हाती लागत नाही. म्हणून या कामी एक जबाबदार कर्मचारी नेमावा. त्याने दरमहा राखीव प्रतीतून एखादी फाईल परत उघडून पाहावी आणि तशी नोंद तारखेसह नोंदवहीत करावी. वेळापत्रकाइतकीच ही नोंदही महत्त्वाची आहे.