‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये विषारी वायूने हजारो माणसांचे प्राण घेतले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९८७ साली, कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियांसाठी एक स्वतंत्र प्रकरण त्यात आले. या प्रकरणातल्या दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. एकीने अशा कारखान्यात सुरक्षा समिती नेमणे आणि तिच्यात कामगार व व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी घेणे बंधनकारक झाले. दुसरीने कामगाराला एक हक्क दिला. जीवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका आहे असे सबळ कारणाने वाटले, तर तो ते थेट व्यवस्थापनाच्या कानावर घालू शकतो. व्यवस्थापकाने एक तर लगेच उपाय करायचा, नाही तर प्रकरण कारखाना निरीक्षकाकडे पाठवायचे. आता विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात तशाच ज्वलनशील द्रावकांवर, तशाच विषारी संयुगांवर रात्री उशिरापर्यंत काम करणारा पीएच.डी.चा विद्यार्थी पाहा. हे दोन्ही हक्क त्याला नाहीत. त्याची प्रयोगशाळा म्हणजे कारखाना नव्हे, त्याची फेलोशिप म्हणजे वेतन नव्हे, आणि म्हणून कायद्याच्या लेखी तो कामगार नव्हे. प्रयोगशाळेतल्या सुरक्षेची आपली चर्चा अ‍ॅप्रन, गॉगल आणि हातमोजे यांपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. खरा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. ज्याच्या जिवावर बेतते त्याच्या हाती काम थांबवण्याचा अधिकार नाही, आणि ज्याच्या हाती अधिकार आहे त्याला धोक्याबद्दल जाब विचारला जात नाही. ही फट बुजवली नाही, तर सुरक्षेचे कितीही चांगले धोरण कागदावरच राहील.

या फटीचा सर्वांत बारकाईने तपासला गेलेला पुरावा अमेरिकेतला आहे. २९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शेरी संगजी ही २३ वर्षांची संशोधन सहायक टर्शरी ब्युटिल लिथियम हे द्रव एका बाटलीतून दुसऱ्या पात्रात घेत होती. या द्रवाला पेटायला काडी लागत नाही. हवेशी संपर्क आला की ते आपोआप भडकते. ६० मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये ते जवळजवळ काठोकाठ ओढले जात असताना दट्ट्या निसटून बाहेर आला आणि द्रव तिच्या हातांवर व कपड्यांवर सांडले. अंगात अ‍ॅप्रन नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता आणि तो पेटला. अठरा दिवसांनी ती गेली. एवढ्या प्रमाणातले द्रव निष्क्रिय वायूच्या दाबाने दुतोंडी सुईतून नेण्याची सुरक्षित पद्धत प्रचलित होती. याहून अस्वस्थ करणारी बाब पुढे आली. अपघाताच्या दोन महिने आधी विद्यापीठाच्याच सुरक्षा विभागाने त्या प्रयोगशाळेची तपासणी केली होती आणि लोक अ‍ॅप्रन घालत नाहीत, अशी नोंदही केली होती. म्हणजे धोरण होते, तपासणी होती, त्रुटी सापडलीही होती. मात्र ती दूर होईपर्यंत काम बंद ठेवणारे कोणी नव्हते.

या प्रकरणातली कायद्याची बाजू आपल्यासाठी आणखी बोलकी आहे. संगजी विद्यापीठाची पगारी कर्मचारी होती, म्हणूनच राज्याच्या कामगार सुरक्षा यंत्रणेला चौकशी आणि दंड करता आला. २०११ मध्ये विद्यापीठ आणि संबंधित प्राध्यापक दोघांवर फौजदारी आरोप ठेवले गेले. पुढे दोन्ही प्रकरणे समझोत्याने मिटली. त्याच बाकावर तोच प्रयोग करताना एखादी विद्यार्थिनी भाजली असती, तर त्या यंत्रणेला दारातून आत पाऊलही टाकता आले नसते. हा नुसता तर्क नाही. जानेवारी २०१० मध्ये टेक्सास टेक विद्यापीठात निकेल हायड्रॅझिन परक्लोरेट या स्फोटक संयुगाचा स्फोट होऊन एका पदवीधर विद्यार्थ्याने हाताची तीन बोटे गमावली. एका वेळी १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त संयुग करायचे नाही, अशी मर्यादा होती, पण ती तोंडी होती. प्रत्यक्षात सुमारे १० ग्रॅम, म्हणजे शंभरपट संयुग तयार झाले होते. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने २०११ च्या अहवालात केवळ विद्यार्थ्याच्या धाडसावर बोट ठेवले नाही. त्याच गटात आधी घडलेल्या प्रसंगांतून काहीच शिकले गेले नव्हते, सुरक्षा विभागाचा अहवाल संशोधनावर अधिकार असलेल्या व्यक्तीकडे जात नव्हता, आणि स्फोटकांवरच्या या प्रकल्पाला पैसे देणाऱ्या सरकारी खात्याने सुरक्षेची एकही अट घातली नव्हती, असे बोर्डाने दाखवून दिले. विद्यार्थी, मार्गदर्शक, विद्यापीठ आणि अनुदान देणारी संस्था अशी चार पातळ्यांची साखळी होती आणि प्रत्येक पातळीने जबाबदारी खालच्या पातळीवर सोडून दिली होती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: माणसे निष्काळजी असतात, त्याला धोरण काय करणार? उच्चशिक्षित माणसाने स्वतःला जपायला नको का? या आक्षेपाला कॅरेन वेटरहान यांच्या मृत्यूइतके थेट उत्तर दुसरे नाही. डार्टमथ महाविद्यालयातल्या या प्राध्यापिका विषारी धातूंच्या परिणामांच्याच अभ्यासक होत्या. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब त्यांच्या हातमोज्यावर पडले. त्या फ्यूम हूडमध्ये काम करत होत्या, हातात लॅटेक्सचे मोजे होते, त्या काळी माहीत असलेली सगळी काळजी त्यांनी घेतली होती. मात्र हे संयुग लॅटेक्समधून काही सेकंदांत आरपार जाते, हे त्यानंतर केलेल्या चाचण्यांत उघड झाले. पाच महिन्यांनी तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले आणि जून १९९७ मध्ये, ४८ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. इथे निष्काळजीपणा कोणाचा? सुरक्षाशास्त्राने उपायांची एक उतरंड सांगितली आहे: आधी धोकादायक पदार्थ टाळा, टाळता येत नसेल तर बदला, मग यंत्रणेने अडवा, मग कामाचे नियम लावा, आणि या सगळ्यांतून जे उरेल त्यासाठी मोजे-गॉगल. डायमिथाइल मर्क्युरी त्यांनी मोजमापाचा संदर्भ म्हणून घेतले होते आणि त्या कामासाठी कमी घातक संयुगे वापरता येतात. खरा बचाव त्या पहिल्या दोन पायऱ्यांवर होता. आणि पदार्थ निवडणे, पद्धत बदलणे, काम पुढे ढकलणे हे निर्णय नवख्या विद्यार्थ्याच्या हाती कधीच नसतात. सगळी भिस्त हातमोज्यांवर ठेवणे म्हणजे ज्याच्याकडे सर्वांत कमी अधिकार, त्याच्याच खांद्यावर सगळी जबाबदारी टाकणे.

आपल्याकडचे चित्र वेगळे नाही. २९ डिसेंबर २००९ रोजी मुंबईत ट्रॉम्बे इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला आग लागून दोन तरुण संशोधक मृत्युमुखी पडले. ५ डिसेंबर २०१८ रोजी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, आघात तरंगांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या स्फोटात एक ३२ वर्षांचा अभियंता ठार झाला आणि तिघे जखमी झाले. तो संस्थेचा कर्मचारी नव्हता, तिथल्या संशोधनाशी जोडलेल्या एका नवउद्योग कंपनीचा होता. आज विद्यापीठांच्या आवारात इन्क्युबेशन केंद्रे उभी राहत आहेत. एकाच खोलीत विद्यार्थी, प्रकल्प सहायक, कंपनीचा माणूस आणि कंत्राटी लॅब अटेंडंट शेजारीशेजारी काम करतात. स्फोट त्यांच्यात भेद करत नाही, कायदा मात्र चौघांकडे चार नजरांनी पाहतो. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेचा पायाही शेवटी नोकरीचे नाते हाच आहे.

कायदा वेगळ्या पायावर उभा राहू शकतो, याचा दाखला आपल्याच देशात आहे. किरणोत्सारी स्रोत वापरायचा तर संस्था विद्यापीठ आहे की कारखाना, हे अणुऊर्जा नियामक मंडळ पाहत नाही; परवाना लागतो आणि प्रशिक्षित किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. जनुकीय बदल केलेल्या जीवांवरच्या संशोधनासाठी १९८९ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती सक्तीची केली आहे. दोन्ही ठिकाणी नियम माणसाच्या पगाराला चिकटलेला नाही, धोक्याला चिकटलेला आहे. धोका ज्या खोलीत, त्या खोलीतला प्रत्येक जण त्या नियमाच्या छत्राखाली. रसायने, दाबाखालचे वायू, लेझर आणि उच्चदाबाची विद्युत उपकरणे यांसाठी विद्यापीठाच्या पातळीवर असे छत्र नाही. सिलिंडरसाठी एक नियम, घातक कचऱ्यासाठी दुसरा, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी तिसरा असे तुकडे आहेत. ते एकत्र बांधून, आज या खोलीत हे काम सुरू करावे की नाही, असे विचारणारा अधिकारी बहुतेक विद्यापीठांत नाही.

इथे कोणी मायापुरीची आठवण करून देईल आणि ती आठवण रास्त आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेले एक गॅमा किरण उपकरण होते. १९८५ पासून ते वापरात नव्हते. २०१० च्या फेब्रुवारीत विद्यापीठाने ते लिलावात काढले आणि ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तिथे ते फोडले गेले, आतला स्रोत उघडा पडला, अनेकांना किरणोत्सर्गाची बाधा झाली आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. कोबाल्ट-६० ची तीव्रता दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. उपकरण विद्यापीठात आल्यापासूनच्या सुमारे चाळीस वर्षांत मूळ तीव्रतेचा शंभरावा भागही उरला नव्हता, तरी उरले तेवढे जीव घ्यायला पुरले. परवान्याची व्यवस्था असूनही हे घडले, मग नियम करून उपयोग काय? उपयोग आहे, मात्र एका अटीवर. कागदावरचा नियम जिवंत ठेवायला संस्थेच्या आत कोणीतरी उत्तरदायी लागतो. आपल्या महाविद्यालयांत डेड स्टॉक रजिस्टर असते आणि निर्लेखनाची रीतसर पद्धत असते. वस्तूची किंमत किती, ती शिल्लक आहे की नाही, हे त्या नोंदीतून कळते. ती वस्तू काय करू शकते, हे कळत नाही. एखादे प्राध्यापक निवृत्त झाल्यावर कपाटात राहिलेली जुन्या इथरची बाटली हे याचेच छोटे रूप आहे. इथर वर्षानुवर्षे पडून राहिले की त्यात पेरॉक्साइड साचतात आणि झाकण फिरवतानाही स्फोट होऊ शकतो. ती बाटली पुढे साफसफाईला आलेल्या लॅब अटेंडंटच्या हाती लागते. धोका ज्ञानाच्या उतारावरून खाली जातो: ज्याला त्याची माहिती असते तो निघून जातो आणि ज्याला ती कधी सांगितलीच नाही तो उरतो.

दुसरा आक्षेप संशोधनाच्या स्वातंत्र्याचा. नवे काही शोधायचे तर जोखीम आलीच, प्रत्येक पावलाला परवानगी मागत बसलो तर विज्ञान खुंटेल, असे म्हणतात. यातला अर्धा भाग खरा आहे. कारखान्यात एकच प्रक्रिया वर्षानुवर्षे चालते, प्रयोगशाळेत ती दर आठवड्याला बदलते. म्हणून कारखान्याची नियमावली जशीच्या तशी विद्यापीठात आणता येणार नाही. पण याच कारणाने विचार करण्याची सक्ती इथे अधिक हवी. कोणते पदार्थ, किती प्रमाणात, काय बिघडू शकते आणि बिघडले तर काय करायचे, एवढे एका पानावर लिहून मार्गदर्शकाची सही घेतल्याने कोणताही शोध अडत नाही. टेक्सासमधली १०० मिलिग्रॅमची तोंडी मर्यादा अशा पानावर असती, तर ती ओलांडण्याआधी कोणालातरी विचारावे लागले असते. अपघातानंतर महिनोन् महिने सील झालेली प्रयोगशाळा मात्र संशोधन नक्कीच खुंटवते.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे आणि महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचा विचार करता तो झटकून टाकता येत नाही. नीट ओढ असलेले फ्यूम हूड, ज्वलनशील द्रावकांची कपाटे, बाहेर ठेवलेले सिलिंडर आणि तिथून आत आणलेल्या नळ्या यांना खर्च येतो. मंजूर पदे रिक्त राहतात, तिथे सुरक्षा अधिकारी कुठून आणायचा? म्हणूनच हा भार संस्थेवर सोडून चालणार नाही. संशोधन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात उपकरणे, साहित्य, मनुष्यबळ, प्रवास, आकस्मिक खर्च अशी शीर्षे असतात. सुरक्षेचे शीर्षही तिथेच हवे आणि त्याशिवाय पहिला हप्ता मिळू नये. शिवाय जे सर्वांत महत्त्वाचे ते महाग नाही. धोकादायक प्रयोग एकट्याने न करणे, प्रत्येक बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहिणे, फ्यूम हूड बाटल्यांचे कपाट म्हणून न वापरणे, आपत्कालीन शॉवर महिन्यातून एकदा सोडून पाहणे, अटेंडंटला त्याच्या भाषेत माहिती देणे, या गोष्टींना निधी लागत नाही, आग्रह लागतो.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. शिक्षेची भीती घातली तर लोक अपघात लपवतील आणि सुरक्षा म्हणजे नॅकच्या भेटीपूर्वी भरायची आणखी एक फाईल होईल. ही भीती खरी आहे, म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. थोडक्यात निभावलेला प्रसंग जो कळवेल त्याला दोष लागू नये. उलट तो प्रसंग विभागातल्या सर्वांना सांगितला जावा, कारण बोट कापले जाण्याआधी मिळालेली ती सूचना असते. मात्र त्रुटी लेखी कळवूनही जो ती दूर करत नाही आणि काम चालूच ठेवतो, त्याला उत्तर द्यावे लागलेच पाहिजे. चूक आणि उपेक्षा यांना एकाच मापाने मोजले की लपवाछपवी सुरू होते.

मार्गदर्शकाच्या सहीवर विद्यार्थ्याचा प्रबंध, शिफारसपत्र आणि पुढची नोकरी अवलंबून असते. अशा नात्यात ‘सर, हे आज नको’ असे म्हणण्याचे धैर्य विद्यार्थ्याकडून मागणे अन्यायाचे आहे; ती सोय व्यवस्थेने करून द्यायला हवी. त्यासाठी प्रयोगशाळेच्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो फेलोशिपवर असो, कंत्राटावर असो की पदव्युत्तर वर्गात, एकच संरक्षण आणि अपघाती विमा मिळावा. सुरक्षा अधिकारी थेट कुलगुरूंना उत्तरदायी असावा आणि प्रयोग बंद करण्याचा अधिकार त्याला लेखी मिळावा. सुरक्षा समितीत संशोधक विद्यार्थी आणि अटेंडंट यांना मताधिकारासह जागा मिळावी. विद्यापीठ अनुदान आयोग आणि अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन यांनी हे आपल्या अनुदानाच्या अटींत घातले, तर संसदेच्या नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. भोपाळनंतर घातक कारखान्यातल्या कामगाराला जो हक्क आपण कायद्याने दिला, तोच देशाच्या विज्ञानासाठी राबणाऱ्या तरुण संशोधकाला देणे हे उपकार नव्हेत. ते गेली चार दशके थकलेले देणे आहे आणि ते फेडण्यासाठी आणखी एका स्फोटाची गरज नाही.