त्वरेमागची तयारी

बुद्धिबळाचा खेळ आपल्या देशात जन्मास आला, असे मानले जाते. चतुरंग या नावाने तो येथे खेळला जात असे. पुढे तो इराणात गेला, अरबांनी त्याला आपलेसे केले आणि त्यांच्या मागोमाग तो युरोपात पोहोचला. या दीर्घ प्रवासात त्याचे नियम बदलले, मोहऱ्यांच्या चाली बदलल्या. परंतु एक गोष्ट कित्येक शतके तशीच राहिली. खेळणाऱ्याने एका चालीसाठी किती वेळ विचार करावा, याला काही मर्यादा नव्हती. एखादा खेळाडू तासन् तास पटाकडे पाहत बसे आणि समोरच्याला मुकाट्याने वाट पाहावी लागे. शेवटी १८८३ साली लंडन येथे भरलेल्या स्पर्धेत प्रत्येक पटाशेजारी एक जोड-घड्याळ ठेवण्यात आले. एकाने चाल केली की त्याचे घड्याळ थांबे व दुसऱ्याचे सुरू होई. तेव्हापासून बुद्धिबळाच्या पटावर काळ हा जणू तिसरा खेळाडू होऊन बसला.

आज या तिसऱ्या खेळाडूचे सामर्थ्य फार वाढले आहे. शास्त्रीय पद्धतीचा एक डाव चार-पाच तास चालतो. जलद डावात प्रत्येक खेळाडूला दहा मिनिटांहून अधिक, पण एका तासाहून कमी वेळ मिळतो. अतिजलद डावात दहा मिनिटे किंवा त्याहूनही कमी. इंटरनेटवर तर तीन मिनिटांचे आणि केवळ एका मिनिटाचेही डाव खेळले जातात. तीन मिनिटे म्हणजे १८० सेकंद. डाव ४० चालींचा झाला, तर एका चालीच्या वाट्याला अवघे साडेचार सेकंद येतात. एवढ्या वेळात पट पाहायचा, प्रतिपक्षाचा हेतू ओळखायचा, आपली चाल ठरवायची आणि ती पडद्यावर करायचीही! हे मनुष्याला कसे साधते, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर शोधण्यासाठी या प्रकारच्या खेळात अग्रगण्य मानल्या गेलेल्या एका ग्रँडमास्टरचे उदाहरण आपण पाहू.

हिकारू नाकामुरा यांचा जन्म १९८७ साली जपानमध्ये झाला. ते दोन वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब अमेरिकेस आले. त्यांचे सावत्र वडील सुनील वीरमंत्री हे श्रीलंकन वंशाचे नामांकित बुद्धिबळ-शिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली नाकामुरा यांचे या खेळातील शिक्षण झाले आणि २००३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षात, ते ग्रँडमास्टर झाले. अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी पाच वेळा मिळवले. परंतु त्यांचे नाव घरोघर पोहोचले ते इंटरनेटवरील अतिजलद डावांमुळे.

या डावांतील त्यांच्या शैलीची तीन वैशिष्ट्ये सांगता येतील. पहिले वैशिष्ट्य म्हणजे वेळेची काटकसर. परिचित स्थितीत ते विचारासाठी क्षणभरही दवडत नाहीत आणि असा वाचवलेला वेळ अवघड क्षणासाठी राखून ठेवतात. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे चिवट बचाव. डाव हातचा जात आहे असे दिसले, तरी ते प्रतिपक्षापुढे एकामागून एक नवे प्रश्न उभे करतात. प्रत्येक प्रश्न सोडवण्यात समोरच्याचे काही सेकंद खर्च होतात आणि शेवटी जिंकणारा खेळाडूच घड्याळाच्या कचाट्यात सापडतो. तिसरे वैशिष्ट्य म्हणजे डावाच्या अखेरच्या भागावरील प्रभुत्व. पटावर मोजकीच मोहरी उरली असता कोणती स्थिती विजयाची व कोणती बरोबरीची, हे त्यांना चटकन उमगते. पडद्यावरील खेळात आणखी एक सोय असते. प्रतिपक्षी विचार करीत असतानाच आपली पुढची चाल यंत्राला सांगून ठेवता येते. नाकामुरा तिचा उपयोग कुशलतेने करतात. मात्र हे शस्त्र दुधारी आहे. कारण प्रतिपक्षाने अनपेक्षित चाल केली, तर आधी सांगून ठेवलेली चाल मागे घेण्यास अवधी उरत नाही आणि एखादे वेळी वजीरही फुकट जातो.

आता ही त्वरा येते कोठून? या प्रश्नावर प्रकाश टाकणारा एक प्रयोग अमेरिकेतील विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९७३ साली प्रसिद्ध केला. खऱ्या डावातील एक स्थिती त्यांनी खेळाडूंना पाच सेकंद दाखवली आणि नंतर ती आठवणीने दुसऱ्या पटावर मांडण्यास सांगितले. निष्णात खेळाडूने बरीचशी मोहरी अचूक मांडली. नवशिक्याला थोडीच आठवली. मग संशोधकांनी तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखरून ठेवली आणि पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी निष्णात व नवशिका यांच्यातील अंतर जवळजवळ नाहीसे झाले! याचा अर्थ उघड आहे. निष्णात खेळाडूची स्मरणशक्ती मुळातच अलौकिक असते असे नाही. शेकडो डावांच्या अभ्यासाने मोहऱ्यांच्या नेहमीच्या रचना त्याच्या मनात ठसलेल्या असतात. आपण एखादा शब्द वाचताना त्यातील अक्षरे सुटी सुटी वाचत नाही, सबंध शब्दच ओळखतो. त्याचप्रमाणे तो सबंध रचना ओळखतो. म्हणून साडेचार सेकंद त्याला पुरतात. जे झटकन सुचल्यासारखे भासते, ते बहुधा पूर्वी कधीतरी सावकाश अभ्यासलेले असते.

नाकामुरा यांच्या या सामर्थ्याची मोठी कसोटी २०२० साली लागली. जगभर साथ पसरल्यामुळे स्पर्धागृहे ओस पडली होती आणि थोर थोर खेळाडू आपापल्या घरी बसून पडद्यावर खेळत होते. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात एका मोठ्या स्पर्धामालिकेच्या अंतिम सामन्यात त्यांची गाठ तेव्हाचे जगज्जेते मॅग्नस कार्लसन यांच्याशी पडली. सात संचांच्या या सामन्यात सहा संचांनंतर दोघेही बरोबरीत होते. सातवा संचही निर्णायक ठरेना. अखेर एका विशेष डावावर निकाल सोपवण्यात आला. या डावात पांढऱ्या मोहऱ्यांना पाच मिनिटे व काळ्यांना चार मिनिटे मिळतात. पण डाव बरोबरीत सुटला, तर विजय काळ्यांचा धरला जातो. कार्लसन यांच्याकडे काळी मोहरी होती. त्यांनी डाव बरोबरीत सोडवला आणि सामना जिंकला. नाकामुरा हरले खरे, परंतु जगज्जेत्याला अखेरच्या डावापर्यंत झुंजवणारा खेळाडू म्हणून त्यांची कीर्ती वाढली.

तथापि, त्वरा म्हणजे सर्वस्व नव्हे. २०२४ च्या एप्रिल महिन्यात कॅनडातील टोरांटो शहरी जगज्जेत्याचा आव्हानवीर निवडण्याची स्पर्धा भरली होती. तेथे आठ खेळाडू होते आणि डाव शास्त्रीय पद्धतीचे, म्हणजे सावकाश खेळावयाचे होते. दुसऱ्या फेरीत नाकामुरा यांच्यासमोर बसले होते आपल्या नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी. गुजराथी यांच्याकडे काळी मोहरी होती. त्यांनी डावाच्या आरंभीच्या भागात आपल्या उंटाचा त्याग करून नाकामुरा यांच्या राजापुढील प्याद्यांची तटबंदी फोडली आणि डाव जिंकला. नवव्या फेरीत पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळतानाही त्यांनी नाकामुरा यांना पुन्हा हरवले. स्पर्धा संपली तेव्हा भारताच्या दोम्माराजू गुकेश यांचे नऊ गुण झाले होते आणि नाकामुरा यांच्यासह तिघांचे साडेआठ. गुजराथींविरुद्धच्या दोन डावांपैकी एक जरी बरोबरीत सुटला असता, तरी नाकामुरा पहिल्या स्थानाचे वाटेकरी झाले असते. पटावरील अर्ध्या गुणाची किंमत एवढी असते! त्याच वर्षाच्या अखेरीस गुकेश जगज्जेते झाले.

मग एवढ्या थोर खेळाडूने आपला खेळ सुधारावा तरी कसा? या बाबतीत मिखाईल बोत्विनिक यांचा मार्ग पाहण्यासारखा आहे. रशियाचे हे खेळाडू १९४८ साली जगज्जेते झाले. १९६० साली मिखाईल ताल या तेजस्वी तरुणाने त्यांचे पद हिरावून घेतले. तालचा खेळ वावटळीसारखा होता. बोत्विनिक त्या वेळी पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांचे दिवस संपले, असे अनेकांना वाटले. परंतु बोत्विनिक यांनी तालच्या खेळाचा आणि स्वतःच्या पराभवाचा कसून अभ्यास केला आणि १९६१ साली आपले पद परत मिळवले. आपले डाव स्वतः तपासावेत, त्यांवर टिपणे लिहावीत आणि आपल्या उणिवा कोणाचीही भीड न धरता शोधून काढाव्यात, हा त्यांचा आग्रह असे. वेळ अपुरा पडणे हा ज्या खेळाडूचा दोष असेल, त्याने काही सरावाचे डाव केवळ घड्याळाकडे लक्ष ठेवून खेळावेत. त्या डावांत जय-पराजयाची चिंताच करू नये, असा उपाय त्यांनी सुचवला होता. एका वेळी एकच दोष हाती घ्यावा व तो पुरता नाहीसा करावा, हे या उपायाचे मर्म होय.

ग्रँडमास्टरला जे लागू आहे, ते शिकणाऱ्यालाही लागू आहे. पडद्यावर एक डाव संपताच दुसरा सुरू करण्याचा मोह अनावर असतो. हरलेल्या खेळाडूला तर तो अधिकच ग्रासतो. चिडलेल्या मनाने तो एकामागून एक डाव खेळत जातो आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा करतो. याने सराव होतो, पण चुकांचा! त्याऐवजी डाव संपल्यावर क्षणभर थांबावे. आपण कोठे चुकलो, कोणत्या चालीवर वेळ वाया घालवला आणि कोणती चाल विचार न करता केली, हे आधी स्वतःच्या बुद्धीने शोधावे. मगच संगणकाचे मत पाहावे. संगणक योग्य चाल क्षणात दाखवतो. परंतु आपल्याला ती का सुचली नाही, हे तो सांगू शकत नाही. ते ज्याचे त्यालाच शोधावे लागते. आठवड्यातून निदान काही डाव सावकाश खेळावेत. राजा व प्यादे, हत्ती व प्यादे अशा मोजक्या मोहऱ्यांच्या स्थिती पटावर मांडून त्यांचा अभ्यास करावा. अशा संथ अभ्यासातूनच पुढे त्वरा उपजते.

पडद्यावर खेळताना आणखी एका गुणाची आवश्यकता असते, तो म्हणजे प्रामाणिकपणा. समोर प्रतिपक्षी दिसत नाही, पंच दिसत नाही आणि संगणकाचा सल्ला एका बोटाच्या अंतरावर असतो. अशा वेळी खेळाडूची सचोटी हाच त्याचा पंच. २०२० साली कार्लसन आणि चीनचे डिंग लिरेन यांच्यात एक सामना चालू असता डिंग यांचा इंटरनेटशी संबंध तुटला व ते तो डाव हरले. तो विजय कार्लसन यांना आपला वाटला नाही. पुढच्या डावात त्यांनी चौथ्याच चालीला स्वतःचा वजीर मुद्दाम गमावला आणि डाव सोडून दिला. नियमाने मिळालेला गुण त्यांनी अशा रीतीने परत केला. तो डाव चार चालींचाच होता. परंतु खेळाडूची योग्यता ओळखण्यास तेवढ्या चाली पुरेशा होत्या.

घड्याळाचा काटा कोणासाठीही थांबत नाही. परंतु ज्याने पूर्वी सावकाश विचार करण्याचे कष्ट घेतले आहेत, त्याला ऐन वेळी साडेचार सेकंदही पुरेसे वाटतात. हे केवळ बुद्धिबळापुरतेच खरे आहे असे नाही. परीक्षागृहात झरझर उत्तरे लिहिणारा विद्यार्थी आणि मैफलीत क्षणार्धात अवघड तान घेणारा गायक यांच्याही त्वरेमागे दीर्घ तयारी उभी असते. पाहणाऱ्याला मात्र केवळ त्यांचा वेग दिसतो.