गुलाबी मनोऱ्याचं गुपित

तुमच्या घरातलं किंवा शेजारचं तीन-चार वर्षांचं कुणी माँटेसरी बालवाडीत जातं का? मग आज त्याला विचारा, "शाळेत काय केलंस रे?" उत्तर बहुतेक असं येईल : "पाणी ओतलं. बटणं लावली. मनोरा केला."

तुम्ही म्हणाल, ही कसली शाळा? ना फळा, ना गृहपाठ! पण थांबा. त्या मनोऱ्यात असं गणित दडलंय, की ते कळल्यावर तुम्हीसुद्धा तो रचायला बसाल.

आधी त्या शाळेतली सकाळ बघू या. मुलं येतात, चपला काढून ओळीत लावतात. तास बदलल्याची घंटा नाही. सकाळचे सलग दोन-तीन तास मुलांचे! खोलीत बुटकी फडताळं असतात, मुलांचा हात सहज पोचेल एवढी. त्यांतलं हवं ते साहित्य उचलायचं, चटई अंथरायची, मनसोक्त काम करायचं आणि झालं की जिथलं तिथे ठेवायचं. कुणी एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओततंय. सांडलं तर पुसायचं फडकं शेजारीच आहे. कुणी लाकडी चौकटीवरच्या कापडाची बटणं लावतंय. कुणी खरखरीत कागदाच्या 'ग'वरून दोन बोटं फिरवतंय, म्हणजे पेन्सिल हातात येण्याआधीच बोटांना 'ग'चं वळण ठाऊक! प्रत्येक साहित्याचा संच एकच असतो. तो दुसऱ्याकडे असेल, तर आपली पाळी येईपर्यंत वाट बघायची.

ही पद्धत बसवली इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांनी. त्या खऱ्याखुऱ्या डॉक्टर होत्या. रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी पहिलं 'बालकांचं घर' सुरू केलं. तिथे एक तीन वर्षांची मुलगी लाकडी दट्टे आपापल्या भोकांत बसवत होती. काढायची, पुन्हा बसवायची. माँटेसरीबाईंनी बाकीच्या मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली. तिचं लक्ष ढळेना! मग त्यांनी तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिने दट्टे मांडीवर घेतले आणि काम चालूच. चाळीसहून जास्त वेळा तेच केल्यावर ती थांबली, तेव्हा दमलेली नव्हती, खुशीत होती. लहान मूल हातांनी विचार करतं आणि तेव्हा त्याला कुणी अडवायचं नसतं, हे बाईंनी ओळखलं.

आता आपला मनोरा. हे दहा गुलाबी लाकडी ठोकळे. सगळ्यांत छोट्याची कड १ सेंटिमीटर, पुढच्याची २, मग ३ आणि सगळ्यांत मोठ्याची १०. मूल एकेक ठोकळा उचलून चटईवर आणतं, म्हणजे फडताळाकडे दहा फेऱ्या. मोठ्याला दोन्ही हात लागतात, छोटा दोन बोटांच्या चिमटीत मावतो. बालवाडीची ताई म्हणते, "हा मोठा. हा लहान." मग म्हणते, "मोठा दे बघू." शेवटी एकावर बोट ठेवून विचारते, "हा कसा?" एवढाच धडा!

पण त्या चिमुकल्या हातांना काय काय कळतंय बघा. मोठ्या ठोकळ्याची कड छोट्याच्या १० पट. मग वजनही १० पट असेल? छे! छोटे ठोकळे मोठ्याच्या तळाशी एका ओळीत १० बसतील, अशा १० ओळी म्हणजे १०० आणि असे १० थर म्हणजे १०००. लाकूड एकच असेल, तर वजन चक्क हजार पट! पुढे याच बालवाडीत सोनेरी मणी भेटतात. एक सुटा मणी, १० मण्यांची काडी, १०० मण्यांचा चौरस, १००० मण्यांचा घन. पाच वर्षांचं मूल 'हजार' दोन्ही हातांत धरून आणतं.

आणखी एक गंमत. प्रत्येक दोन शेजारी ठोकळ्यांत फरक १ सेंटिमीटरचाच. तरी १ आणि २ मध्ये कुणी फसत नाही, पण ९ आणि १० मध्ये डोळे सहज फसतात. कारण २ म्हणजे १ च्या दुप्पट, पण १० हा ९ पेक्षा जरासाच मोठा. मग चूक दाखवायची कुणी? मनोऱ्यानेच! सगळे ठोकळे एका कोपऱ्याला जुळवून रचा. दुसऱ्या दोन बाजूंना १ सेंटिमीटर रुंदीच्या पायऱ्या तयार होतात आणि सगळ्यांत छोटा ठोकळा प्रत्येक पायरीवर चपखल बसतो. तो बसला नाही, तर रचनेत कुठेतरी घोळ आहे. ताईला बोलायची गरजच नाही!

आता गुपित. मनोऱ्याची उंची किती? १ ते १० ची बेरीज, म्हणजे ५५ सेंटिमीटर. समजा, दहाही ठोकळ्यांचे १ सेंटिमीटरचे छोटे घन केले, तर किती होतील? १ + ८ + २७ + ६४ असं करत करत १००० पर्यंत बेरीज करा. ३०२५! आणि ५५ गुणिले ५५? तेही ३०२५! म्हणजे हे सगळे घन जमिनीवर पसरले, तर बरोबर ५५ सेंटिमीटर बाजूचा चौरस भरतो. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

हा योगायोग नाही. ३ चा ठोकळा कापला, की ३ × ३ च्या तीन चकत्या मिळतात. ४ च्या ठोकळ्याच्या ४ × ४ च्या चार. चौकटीच्या वहीच्या कागदातून हेच चौरस कापा : १ × १ चा एक, २ × २ चे दोन, ३ × ३ चे तीन, ४ × ४ चे चार. एकाचा चौरस कोपऱ्यात ठेवा. २ × २ चा एक त्याच्या तिरप्या टोकाला लावा. दुसऱ्याचे मधोमध दोन तुकडे करून दोन्ही बगलांत बसवा. झाला ३ × ३! आता ३ चे तिन्ही चौरस न कापता बसतात : एक टोकाला, एकेक बगलेत. झाला ६ × ६! ४ चे लावताना पुन्हा एक मधोमध कापावा लागतो आणि १० × १० पूर्ण होतो.

पण हातांनी असं शिकायला गुलाबी ठोकळेच हवेत असं मुळीच नाही. आपल्याकडचंच बघा. डॉ. माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथेच राहिल्या आणि मद्रासला त्यांनी शिक्षकांना शिकवलं. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या ताराबाई मोडक गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करत होत्या. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून डहाणूजवळच्या कोसबाडला बालवाड्या चालवल्या. तिथल्या आदिवासी पाड्यांत महागडं साहित्य कुठून येणार? मग शंख-शिंपले, दगड, बिया, पानं हेच साहित्य झालं. लहान-मोठा, हलका-जड हे सगळं त्यांतूनही हातांना कळतंच की!

आता परत आपल्या कागदी चौरसांकडे, आणि या वेळी तुमची पाळी. ५ × ५ चे पाच, ६ × ६ चे सहा, असे १० पर्यंत चौरस कापा आणि मोठा चौरस वाढवत न्या. कोणत्या आकड्यांना कात्री लावावी लागते, कोणत्यांना नाही? आणि का? तोंडी उत्तर चालणार नाही हं! कागद घ्या, करून बघा आणि तुम्हाला काय सापडलं ते आम्हाला लिहून कळवा.