शुक्रवारपासून सुरू होणारा आठवडा

पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या पट्ट्यात कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार एकाच दिवशी उतरू-चढू नये म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून देण्याची पद्धत पडली, आणि इथे गुरुवार रुजला. चाकणला गेलात की कुणाची सुट्टी गुरुवारी, तर कुणाची रविवारी. 1948 च्या कारखाना अधिनियमानेही याला जागा ठेवली होती. शनिवारच्या मध्यरात्री सुरू होणारे सात दिवस म्हणजे आठवडा, किंवा मुख्य कारखाना निरीक्षक एखाद्या भागासाठी ज्या रात्रीला लेखी मान्यता देतील, त्या रात्रीपासूनचे सात दिवस.

विक्रीचा अंदाज दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला यातले काहीच ठाऊक नसते. समजा, वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्याने पॉवर बीआयमध्ये वारानुसार डिस्पॅचचा आलेख काढला. आडव्या अक्षावर फ्रायडे, मंडे, सॅटर्डे, संडे, थर्सडे असे वार येतात. नावे मराठीत असतील तर गुरुवार, बुधवार, मंगळवार, रविवार, शनिवार, शुक्रवार, सोमवार. सॉफ्टवेअरच्या लेखी वाराचे नाव हा साधा मजकूर आहे, आणि मजकूर ते अक्षरानुक्रमे लावते. रेषेचा आलेख असेल तर नुकसान मोठे. शुक्रवारचा बिंदू थेट सोमवारला जोडला जातो आणि मधल्या दोन दिवसांचा चढउतार भलतीकडेच दिसतो. त्यावरून कुणी ट्रक ठरवले, तर चूक थेट गेटवर येऊन उभी राहते.

उपाय असा. तारखांचे एक वेगळे टेबल ठेवा. त्यात वर्षातली प्रत्येक तारीख हवी, सुट्टीचीसुद्धा. त्यात वाराचे नाव आणि वाराचा क्रमांक असे दोन कॉलम करा. ‘वीकडे’ फंक्शनला दुसऱ्या जागी 2 दिले की सोमवारला 1 आणि रविवारला 7 मिळतो. पण गुरुवारी सुट्टी असलेल्या कारखान्याचा आठवडा शुक्रवारी पहिल्या पाळीला सुरू होतो. म्हणून त्या आकड्यात 2 मिळवा, बेरजेला 7 ने भागा आणि उरलेल्या बाकीत 1 मिळवा. शुक्रवार 1 होतो, शनिवार 2, रविवार 3, आणि गुरुवार 7 वर जातो. मग वाराच्या नावाचा कॉलम निवडून ‘कॉलम टूल्स’मधल्या ‘सॉर्ट बाय कॉलम’मध्ये हा क्रमांक द्या. शेवटी आलेखाच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत जाऊन ‘सॉर्ट अॅक्सिस’ वाराच्या नावावर आणि चढत्या क्रमाने आहे ना, ते बघा. स्तंभालेख पुष्कळदा मोठ्या आकड्यावरून लावलेला असतो, आणि ही पायरी राहिली की आधीचे सगळे बरोबर असूनही वार विस्कटलेलेच दिसतात.

इथे दोन ठिकाणी गाडी अडते. एका वाराला एकच क्रमांक हवा. एखाद्या जुन्या ओळीत शुक्रवारला 5 राहिला असेल तर सॉफ्टवेअर क्रम लावायला नकार देते. दुसरे, क्रमांक तारखेवरून काढा, वाराच्या नावावरून नको. नावावरून क्रमांक आणि क्रमांकावरून नावाचा क्रम, असे चक्र झाले की त्रुटीचा संदेश येतो. टॅब्लोमध्ये काम सोपे आहे: डेटा सोर्सच्या तारखांच्या सेटिंगमध्ये आठवड्याचा पहिला दिवस निवडता येतो.

वारांचा क्रम बदलल्याने अंदाज मात्र बदलत नाही, आणि बदलूही नये. अंदाज तारखांच्या सलग मालिकेवर काढायचा आणि मग तो वारांत मांडायचा. रोजच्या आकड्यांसाठी हंगामाची लांबी 7 द्यायची, म्हणजे दर सात दिवसांनी येणारी लय धरली जाते. माझ्या मते, वारांच्या क्रमापेक्षा जास्त काळजी इथेच घ्यायला हवी. गुरुवारी चलनच फाटत नाही, म्हणून कित्येकांच्या डेटात गुरुवारची ओळच नसते. एक्सेलचे ‘फोरकास्ट डॉट ईटीएस’ अशी रिकामी जागा आपल्या मनाने भरते: काही सांगितले नाही तर शेजारच्या बिंदूंची सरासरी घेते. तीस टक्क्यांपर्यंत गाळलेल्या जागा ते चालवून घेते, आणि सातातला एक दिवस म्हणजे जेमतेम चौदा टक्के. त्यामुळे तक्रार न करता ते बंद कारखान्याच्या गुरुवारी बुधवार-शुक्रवारच्या मधला आकडा बसवते आणि पुढच्या गुरुवारीही माल निघेल असे सांगते. ‘डेटा कंप्लीशन’च्या जागी 0 लिहा, किंवा त्याहून बरे, तारखांच्या टेबलातून गुरुवारच्या ओळी आणून तिथे स्वतःच शून्य भरा.

तिसऱ्या पाळीचाही विचार हवा. शुक्रवारी रात्री भरलेला टेम्पो मध्यरात्रीनंतर दोन वाजता सुटला, तर तारखेने तो शनिवारचा आणि कारखान्याच्या हिशेबाने शुक्रवारचा. पहिली पाळी सातला सुरू होत असेल, तर वार काढण्याआधी डिस्पॅचच्या वेळेतून सात तास वजा करा. ई-वे बिलावरची तारीख आहे तशीच राहू द्या. हा वजा केलेला वेगळा कॉलम फक्त आलेखासाठी.

आणि सणाच्या आठवड्यात सुट्टीची अदलाबदल होते. दसऱ्याच्या आधीचा गुरुवार चालू ठेवून बदली सुट्टी दुसऱ्या दिवशी दिली, तर त्या गुरुवारी माल खरोखरच निघतो. यासाठी तारखांच्या टेबलात ‘कामाचा दिवस’ असा आणखी एक कॉलम हवा. वर्षाची सुट्ट्यांची यादी सूचना फलकावर लागली, की तीच यादी त्यात भरा. मध्येच अदलाबदल ठरली, तर त्याच दिवशी ती तिथे बदला.