पोफळीच्या नव्या चुलीसाठी भांडी

भाचीचा निकाह ठरला आणि घरात भांड्यांची चर्चा सुरू झाली. सासर पोफळीचे, म्हणजे कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, कोयनेच्या वीजघराच्या गावात. मुलगा आईवडिलांच्या घराला लागूनच दोन खोल्या बांधून वेगळी चूल मांडणार होता. माझ्या बहिणीच्या मनात चिपळूणच्या बाजारात पाहिलेला एक्कावन्न भांड्यांचा सेट भरला होता. चकचकीत खोका, एकाच रकमेत सगळे, चार लोकांना दाखवायलाही बरे. भाचीने मला फोन केला, “खाला, तू अम्मीला समजव ना. त्या एक्कावन्नात पंधरा तर नुसत्या वाट्याच आहेत!”

खरे तर माझ्या बहिणीला भांड्यांची पारख शिकवण्याची गरज नव्हती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा तिचे स्वयंपाकघर बुडाले होते. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघी चिखलातून एकेक भांडे उपसत होतो. स्टीलचे टोप आणि ताटे घासून, उकळत्या पाण्यातून काढून पुन्हा वापरात आली. आमच्या अम्मीची तांब्याची देगची काळी पडली होती, ती कल्हई केल्यावर पुन्हा उजळली. बिडाचा तवा तांबडालाल गंजला होता, तोही घासून आणि तेल पाजून आठवडाभरात पूर्वीसारखा झाला. नॉनस्टिकच्या तिन्ही तव्यांचा थर मात्र चिखलासोबत खरवडून निघाला आणि ते भंगारात गेले. “तेव्हा काय उरलं, तेवढं आठव,” मी बहिणीला म्हटले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “चल, यादी कर.”

आम्ही यादी उलटी केली. आधी घरात काय शिजते ते लिहिले, मग त्याला कोणते भांडे लागेल ते.

आपल्या कोकणी घरात रोजचे काय, तर माशाचे सालन, तेही आमसूल किंवा चिंच घातलेले. कैरीच्या दिवसांत कैरी. हे आंबट सालन ॲल्युमिनिअमच्या टोपात शिजवायचे आणि त्यातच रात्रभर ठेवायचे, ही आपली जुनी सवय. आंबट आणि खारट पदार्थात साधे ॲल्युमिनिअम थोडे थोडे उतरते. म्हणून उरलेले सालन निदान दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावे. त्याहून मोठी काळजी शिशाची आहे. भंगार वितळवून केलेल्या स्वस्त भांड्यांत शिसे मिसळलेले असू शकते. २०२५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाहेरून आलेल्या काही ॲल्युमिनिअम, पितळ आणि हिंदालियमच्या भांड्यांतून शिसे अन्नात उतरत असल्याचा इशारा दिला. त्यात आपल्या देशात बनलेली भांडीही होती. शिसे लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट, पोटुशीलाही वाईट. भांड्याकडे बघून ते ओळखता येत नाही, की घासून जात नाही. त्यामुळे ज्याच्यावर कंपनीचे नाव नाही, आयएसआयची खूण नाही, असे वजनावर मिळणारे ॲल्युमिनिअम कितीही स्वस्त असले तरी नव्या संसारात नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सालनासाठी मग स्टीलच. पण बाजारात एक गैरसमज आहे. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, “बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल माल.” हे अर्धेच खरे. ३०४ नंबरच्या चांगल्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, पण २०० मालिकेतल्या स्वस्त स्टीललाही तो चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. स्वस्त मालात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते, आणि मीठ व आंबटापुढे ते लवकर डागाळते. तेव्हा चुंबकापेक्षा भांड्यावरचा शिक्का वाचावा आणि पक्के बिल घ्यावे. दुसरे म्हणजे बुडाची जाडी. स्टील उष्णता फार हळू पसरवते, ॲल्युमिनिअमच्या पंधराव्या हिश्शाइतकीच. म्हणून पातळ स्टीलच्या टोपात मसाला मधोमध करपतो आणि कडेला कच्चा राहतो. आता दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनिअमचा थर घातलेले ट्रायप्लायचे टोप मिळतात. महाग आहेत, पण त्यातले ॲल्युमिनिअम अन्नाला लागत नाही आणि खाली करपतही नाही. आम्ही असा एकच घेतला, चार लिटरचा. वाट्यांचे पैसे त्यात गेले म्हणा ना!

एक छोटी गोष्ट. स्टीलच्या टोपात थंड पाण्यात मीठ टाकून ठेवू नये, तळाला बारीक खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर मीठ घालून ढवळावे.

भाकरी आणि घावण्यांसाठी तवा बिडाचा. तांदळाच्या भाकरीला कडक आच लागते, आणि नॉनस्टिकचा थर साधारण २६० अंशांपुढे बिघडू लागतो. रिकामा तवा मोठ्या गॅसवर ठेवला तर ही पातळी काही मिनिटांत गाठली जाते. पोफळीला मागच्या पडवीत लाकडाची चूलही आहे, तिथे तर नॉनस्टिक नकोच. अंड्याच्या पोळीसाठी एक लहान पॅन हवा असेल तर घ्यावा, मंद आचेवर आणि लाकडी उलथन्याने वापरावा, थर सुटू लागला की टाकून द्यावा.

जावईबापूंना इंडक्शन हवे होते. वीजघराचे गाव असले म्हणून काय झाले, पावसाळ्यात तारेवर झाड पडले की लाईट जातेच. तरी एक शेगडी घेतली. तिच्यासाठी मात्र चुंबक खरोखर कामाला येते, भांड्याच्या बुडाला ते घट्ट चिकटले तरच भांडे चालते.

कुकर पाच लिटरचा, आयएसआयचाच. २०२१ पासून ही खूण कुकरला सक्तीची आहे. डाळ-तांदूळ अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये, आणि जास्तीची रबरे चिपळूणहूनच घेऊन ठेवावीत.

मोठी भांडी आम्ही घेतलीच नाहीत. वर्षातून दोनदा चाळीस माणसांची बिर्याणी होते, त्यासाठी जमातीच्या देगा मिळतात. वर्षभर माळ्यावर धूळ खाणारा टोप घेणे हा इस्राफच. पण अम्मीची तांब्याची देगची बहिणीने भाचीला दिली. तिच्यात आंबट शिजवायचे ते कल्हई शाबूत असेपर्यंतच, आतून तांबूस दिसू लागले की थांबायचे. कल्हईचे कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून रिकामी देगची विस्तवावर ठेवायची नाही. कल्हईवाला पोफळीला क्वचितच येतो. तो आला की सासूबाई दोघींचीही भांडी बाहेर काढतात.

सगळे मिळून एकवीस नग झाले. सेटपेक्षा खर्च थोडा कमीच आला.

परवा भाचीचा फोन आला. नव्या बिडाच्या तव्यावर पहिले तीन घावणे चिकटले, ती रडकुंडीला आली होती. तवा घासून कोरडा कर, पातळ तेल लाव, धूर येईपर्यंत तापव, थंड झाला की परत तेच, असे चार वेळा करायला सांगितले. मग अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा. संध्याकाळी तिने घावण्याचा फोटो पाठवला. कडेला थोडा फाटला होता, पण सुटला होता.