मिसळीला शिव्या देण्याआधी...

सबमिशनचा आठवडा. रात्रभर जागरण, चार कटिंग, सकाळी कॅन्टीनची मिसळ आणि अकराच्या लेक्चरला पोटात नुसती आग! मग बॅगेतून गोळ्यांची पट्टी निघते. ‘अ‍ॅसिडिटी झालीये यार’, विषय संपला. पण हे दर आठवड्याला होत असेल, तर जरा थांबा. दोषी मिसळ नसेलही.

अल्सर म्हणजे टेन्शन, तिखट आणि अ‍ॅसिड, असं एकेकाळी डॉक्टरही मानायचे. जठरातल्या अ‍ॅसिडमध्ये कुठला जिवाणू तग धरणार? पण १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टना जठराच्या नमुन्यांत वाकडेतिकडे जिवाणू दिसले. पुढे बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. जिवाणू लॅबमध्ये काही केल्या वाढेनात. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे प्लेट्स नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जिवाणू उगवले!

तरी कुणी विश्वास ठेवेना. मग १९८४ मध्ये ३२ वर्षांच्या मार्शलनी काय करावं? जिवाणूंचं द्रावण चक्क पिऊन टाकलं! काही दिवसांतच मळमळ, उलट्या सुरू झाल्या. एंडोस्कोपीत जठराला सूज दिसली आणि तिथे तेच जिवाणू सापडले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

या पाहुण्याचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो युरिएज नावाचं एन्झाइम वापरून स्वतःभोवती अमोनिया तयार करतो, त्यामुळे आसपासचं अ‍ॅसिड निष्प्रभ होतं. मग शेपट्या हलवत तो जठराच्या चिकट अस्तरात घुसतो. तो बहुतेकदा लहानपणीच, घरातल्या माणसांकडून किंवा दूषित अन्नपाण्यातून आलेला असतो.

घाबरू नका. तो पोटात असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. पण काहींना अल्सर होतो, मोजक्यांना जठराचा कॅन्सर. म्हणूनच १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने त्याला कॅन्सरकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकलं.

प्रत्येक जळजळीमागे तोच असतो, असंही नाही. रिकाम्या पोटी घेतलेल्या पेनकिलर्सही अल्सर करतात. मग कळणार कसं? फुंकर मारून होणारी ब्रेथ टेस्ट किंवा शौचाची तपासणी पुरते. मात्र अ‍ॅसिडच्या काही गोळ्या चालू असतील, तर जिवाणू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. त्यामुळे कुठल्या गोळ्या घेताय, ते डॉक्टरांना आधी सांगा.

उपचार आहेत: अँटिबायोटिक्स आणि अ‍ॅसिड कमी करणारं औषध, साधारण १४ दिवस. बरं वाटलं म्हणून पाचव्या दिवशी कोर्स सोडलात, तर उरलेले जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. आणि काळी शौच, उलटीत रक्त किंवा कारण नसताना वजन घटणं, यातलं काहीही दिसलं तर मेडिकलवाल्या काकांकडे नाही, थेट डॉक्टरांकडे जा. सबमिशन थांबेल एक दिवस.