‘फोटो साफ आहे’ म्हणजे काय?

पाठ दुखणे ही कामगारांच्या वस्तीत बातमी नव्हे. ओझे वाहणाऱ्याची पाठ दुखते, यंत्रापुढे वाकून उभे राहणाऱ्याची दुखते, शिलाईवर बसणाऱ्या बाईचीही दुखते. या गर्दीत मणक्याचा क्षय बेमालूम लपून बसतो. आम्ही वैद्यकी शिकलेलो नाही. आजारी कामगारांच्या रजेसाठी दवाखान्यांचे उंबरे झिजवले, डॉक्टरमंडळींना खोदून खोदून विचारले, उसनी पुस्तके वाचली. त्यातून उमगले ते आपल्यापुढे मांडतो.

क्षय म्हटला की खोकणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु क्षयाचे जंतू रक्तावाटे हाडातही जाऊन बसतात, आणि हाडांमध्ये त्यांचे सर्वांत नेहमीचे ठिकाण पाठीचा कणा होय. बहुधा शेजारच्या दोन मणक्यांच्या, मधल्या चकतीला लागून असलेल्या कडांपासून पोखरण सुरू होते. खोकला नसतो; पुष्कळदा छातीचा फोटोही निर्दोष येतो. संध्याकाळची कणकण, घटते वजन ही लक्षणे असली तर असतात, नसली तर नसतात.

लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली या रोगाचे वर्णन केले. त्या काळी कण्याला पोक येऊन पाय लुळे पडू लागल्यावरच रोग ध्यानात येई. पुढे १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला, आणि १८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. जिवंत माणसाचा मणका पाहता येऊ लागला. चकतीची जागा अरुंद झालेली, मणक्यांच्या कडा पुसट, पुढची बाजू ढासळलेली, शेजारी पुवाची सावली, एवढे साध्या फोटोतही दिसते.

पण मेख येथेच आहे. हाडातला चुना क्ष-किरण अडवतो म्हणून हाडाचे चित्र उमटते. थोडा चुना गेला तर चित्रात फरक पडत नाही. सुमारे ३० ते ५० टक्के खनिज नाहीसे झाल्यावरच पोखरण डोळ्यांना दिसते. तेव्हा ‘फोटो साफ आहे’ याचा अर्थ ‘रोग नाही’ असा नव्हे. ‘फोटोत दिसण्याइतकी नासाडी अजून झालेली नाही’, इतकाच तो अर्थ.

हा फरक आम्हांला एका कारखान्यात कळला. माल चढवणाऱ्या एका तरुणाला रात्री पाठ झोपू देत नसे. फोटो साफ निघाला, आणि तेवढ्या कागदावर व्यवस्थापनाने ‘सोंग’ असा शेरा मारून रजेचा पगार कापला. अडीच महिन्यांनी त्याचे पाय जड पडू लागले. मग एम. आर. आय. झाला. दोन मणके किडले होते आणि पुवाचे गळू मज्जारज्जूवर दाब देत होते. शस्त्रक्रिया आणि औषधे यांनी तो चालू लागला. ओझ्याचे काम मात्र सुटले ते सुटलेच. कापलेला पगार मिळवायला आणखी एक वर्ष भांडावे लागले.

एम. आर. आय.मध्ये क्ष-किरण नसतात. मोठ्या चुंबकाच्या साहाय्याने शरीरातल्या पाण्यामधील हायड्रोजनचा वेध घेतला जातो. रोग जडला की हाडाच्या मगजात प्रथम सूज येते, म्हणजे पाणी वाढते. चुना जाण्याची वाट न पाहता हे यंत्र ते दाखवते. गळू कोठवर पसरले, मज्जारज्जू किती दबला, दूरचा एखादा मणकाही धरला आहे काय, हेही कळते. सी. टी. स्कॅनचे काम निराळे. हाडाचे तुकडे तो स्पष्ट दाखवतो आणि नमुना घेणाऱ्या सुईला वाट दाखवतो.

नमुना कशाला, असे कोणी विचारील. कारण चित्र म्हणजे पुरावा, निकाल नव्हे. दुसरे जंतू किंवा कर्करोगही मणका खातात. पू जंतुवाढवून घेणारे जंतू चकती लवकर नासवतात, कर्करोग ती बहुधा शाबूत ठेवतो, असे ठोकताळे आहेत. पण ते चुकतातही. सुईने काढलेल्या तुकड्यातून जंतू सापडला, आणि कोणते औषध त्याला जुमानत नाही हेही कळले, म्हणजे उपचाराला पाया मिळतो. क्षयाची औषधे सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात. अडचण असते ती निदानापर्यंत पोहोचण्याची. एम. आर. आय. महाग, आणि सार्वजनिक इस्पितळात रांग लांब. राज्य कामगार विमा योजनेत क्षय दीर्घ आजारांत मोडतो आणि पात्र कामगाराला लांबलेल्या आजाराचा भत्ता मिळतो, पण त्यासाठी आधी निदान कागदावर यावे लागते. आठवडे उलटले तरी न हटणारी, रात्री जागवणारी पाठदुखी असेल तर पुढच्या तपासणीचा आग्रह धरावा. पायांतली शक्ती जाऊ लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे; तेथे रांगेचा प्रश्नच येता कामा नये.

आणखी एक गोष्ट. औषधे साधारण वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतात. पहिल्या काही महिन्यांत रोगी सुधारत असूनही एम. आर. आय.चे चित्र पूर्वीपेक्षा वाईट दिसू शकते. ते पाहून ‘गोळ्या लागू पडत नाहीत’ म्हणून घरी बसलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. डॉक्टर अशा वेळी चित्राबरोबर रोग्याचे वजन पाहतात, वेदना विचारतात, पायांचा जोर तपासतात, आणि मगच औषध बदलायचे की नाही ते ठरवतात.